विहीणबाईंचं नाव आणि माझा माईक

सर्व आप्तेष्ट, शेजारीपाजारी, गंगाखेड-सोनपेठ मार्गावरील समस्त प्रवासी, तसेच ज्यांचा या विषयाशी काडीचाही संबंध नाही अशी इतर मंडळी, यांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, माणसाच्या घशात, पडजिभेच्या खाली, एक अक्षर राहते. ते बाराखडीत नाही. शाळेत ते कोणी शिकवत नाही. प्रस्तुत लेखकाला ते वयाच्या चोपन्नाव्या वर्षी सापडले व त्यावरून त्याच्या घरात महिनाभर भांडण झाले. कृपया नोंद घ्यावी.

ही भाषा माझ्या पोटापाण्याची. मी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक आहे. गाड्या कोणत्या फलाटावर लागल्या ते माईकवर सांगणं हे माझ्या कामातलं मला सगळ्यात आवडणारं काम. राणीसावरगावची गाडी मी अशी जाहीर करतो की ज्याला जायचं नाही तोही उठून उभा राहतो. भावकीत कुठलंही लग्न असो, माईक माझ्याच हातात. मग स्वतःच्या लेकीच्या लग्नात तो कोणाच्या हातात असणार, हा प्रश्नच नव्हता. असं मला वाटत होतं.

लेक मातीचा अभ्यास करायला हवाई बेटांवर गेली. आमच्याकडे हवाई म्हणजे पायातली चप्पल. तिच्या नावाचा मुलूखही असतो हे गल्लीला तेव्हा कळलं. चार वर्षांनी तिनं तिथलाच मुलगा पसंत केला. लग्न गंगाखेडला, आपल्या बौद्ध पद्धतीनं करायचं ठरलं. मुलाला वडील नव्हते. आई येणार होती. विधी आटोपला की वरमाईचा शाल-फुलं देऊन सत्कार करायचा आणि त्याआधी माईकवरून तिचं पूर्ण नाव पुकारायचं, ही आपली रीत.

नाव मोठं होतं. ते त्यांचं आहे म्हणून इथे लिहीत नाही, पण कागदावरून एका दमात वाचायला गेलो तर मला दोन दम लागले.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. जन्म सोनपेठजवळच्या खेड्यातला, आता पुण्यात कॉलेजात मराठी शिकवतो आणि आपण कधी ‘लय’ म्हणत होतो हे विसरून गेलेला.

“दाजी, रागावू नका. यावेळी सूत्रसंचालन मी करतो.”

“का? माझ्या घशाला कीड लागली का?”

“तसं नाही. बाहेरची माणसं येणार, व्हिडिओ होणार. तुमचं ते करतोयला करायलाय, जातोयला जायलाय जगभर जाईल.”

“जाऊ द्या की. त्याला पासपोर्ट लागत न्हाई.”

“आणि वरमाईचं नाव? ते जमणार आहे तुम्हाला?”

इथे त्यानं मला बरोबर कोंडीत धरलं आणि लगेच अट घातली. लग्नाच्या आदल्या दिवशी मी ते नाव त्याच्यासमोर आणि वरमाईसमोर बिनचूक म्हणायचं. जमलं तर माईक माझा, नाही तर त्याचा. बायकोही त्याच्याच बाजूची. “त्याचं बी बरोबर हाय,” ती म्हणाली. “माईक हातात आला की तुमी लय वाहवत जाता.”

मी तालमीला लागलो. लेक मोबाईलवर आवाज पाठवायची, मी परत पाठवायचो. सुरुवात सोपी होती. त्यांच्याकडे शब्द स्वरावरच संपतो, आपल्यासारखा ‘खेड’ म्हणून धाडकन बंद होत नाही. त्यांचा ‘व’ तर थेट आपल्यासारखा निघाला. अलोहा म्हणजे नमस्कार, महालो म्हणजे आभार, वहिने म्हणजे बाई... मला वाटलं, महिना कशाला, हे चार दिवसांचं काम आहे.

मग ते घशातलं अक्षर आलं. एका गावाचं नाव लेकीनं सरावाला दिलं: का-आ-आवा. मधल्या रेघांच्या जागी आवाज तोडायचा. श्वास थांबवायचा, घसा बंद करायचा, पुन्हा उघडायचा. मी तोडायला गेलो की खोकला यायचा. खोकला टाळला की तीन ‘आ’ एकमेकांत विरघळून जायचे. “पप्पा, ही जांभई झाली, अक्षर नाही,” लेक म्हणायची. दहा दिवस मी गच्चीवर उभा राहून कोकलत होतो.

आमच्या घरामागे एक बाई शेळ्या-मेंढ्या राखते. एका संध्याकाळी शेळ्या कोंडून झाल्यावर तिनं मान वर केली.

“भाऊ, कवापासून बघायले मी. घशात काय अडकलंय का तुमच्या?”

“अडकत न्हाई, तेच तर दुखणं हाय. अडकवायचंय.”

मी तिला सगळं सांगितलं, का-आ-आवा करून दाखवलं. ती तोंडावर पदर धरून हसली. मग तिनं पदर सोडला, मान किंचित पुढे काढली आणि म्हणाली, “आ! आ! आ!” प्रत्येक ‘आ’ कोयत्यानं ऊस तोडावा तसा स्वच्छ तुटलेला. कोंडलेल्या तीन शेळ्या जागच्या जागी थांबल्या.

“परक्याच्या रानात तोंड घालाय लागली की असं करतो आमी,” ती म्हणाली. “खोकू नका. उचकी येऊ द्या अन् गिळून टाका.”

जी गोष्ट आम्ही सातासमुद्रापलीकडून मागवत होतो, ती कुंपणाच्या पलीकडे रोज चालू होती. आठ दिवस मी तिच्या हाताखाली शिकलो. शेळ्या माझ्या आवाजाला थांबायला लागल्या, तेव्हा तिनं मला पास केलं.

मग मी विहीणबाईंना व्हिडिओवर गाठलं. लेक तिकडे त्यांच्या शेजारी बसून दोन्हीकडचं बोलणं त्या त्या भाषेत पोचवत होती. मी नाव म्हटलं. त्या आधी हसल्या, मग थोडं पुढे झुकून म्हणाल्या, जरा हळू अडवा, कोणाला तरी हाकलून दिल्यासारखं वाटतंय. मीही सोडलं नाही. त्यांना म्हटलं, आता तुम्ही आमच्या गावाचं नाव घ्या. “गांगाकेद,” त्या म्हणाल्या. मी लेकीला सांगितलं, “त्यांना म्हणावं, गाडी अजून फलाटालाच लागली न्हाई.” अर्धा तास त्या ‘ख’ आणि ‘ड’शी झोंबत होत्या, मी माझ्या घशाशी. एवढा मजेचा अर्धा तास मला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

मी सहज विचारलं, एवढा एक तुकडा सुटला तर काय बिघडतं? त्या हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, माझ्या आजीला शाळेत आपली भाषा बोलली म्हणून शिक्षा व्हायची. तिनं पुढे आपल्या मुलांना ती शिकवलीच नाही. मी ती मोठेपणी, वर्गात बसून शिकले. आता त्यातला एक श्वासही मी कोणाला सोडू देत नाही.

मला नोकरी लागली तेव्हाचं पुण्यातलं माझं प्रशिक्षण आठवलं. पहिल्याच दिवशी मी “आता काय करायलाव, सर?” असं विचारलं आणि सगळा वर्ग हसला. पुढचे दोन महिने मी वर्गात तोंड उघडलं नाही. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. विहीणबाईंना सांगितलं. लेक सांगता सांगता मध्येच थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि मग पुढे सांगितलं. त्या क्षणी मी ठरवलं, माईक तर घेणारच, आणि त्यावर बोलणार तेही माझ्याच बोलीत.

आदल्या दिवशी परीक्षा झाली. विहीणबाई आमच्या पलंगावर, मेहुणा खुर्चीवर, बायको चहाचा ट्रे धरून दारात. मी नाव घेतलं. जिथे तुटायचं तिथे तुटलं, जिथे लांबायचं तिथे लांबलं. विहीणबाईंनी टाळी दिली. मेहुणाही सरळ माणूस आहे. “मानलं, दाजी,” म्हणाला.

लग्नात मी वाहवत गेलो, हे कबूल. “मंडळी, आता ज्यांच्यासाठी आमी महिनाभर घसा फोडायलाव,” असं म्हणून ते नाव पुकारलं, तेव्हा मंगल कार्यालयाच्या मागच्या ओळीतले लोकही वळून पाहायला लागले. बायको शाल घेऊन पुढे आली. विहीणबाईंनी माझ्या हातून माईक घेतला, पर्समधून कागद काढला आणि एकेक शब्द जपून टाकत म्हणाल्या, “मला लय आनंद झालाय. तुमची पोरगी आता आमची बी हाय.”

सगळं कार्यालय नुसतं उसळलं. शिट्ट्या वाजल्या.

मेहुणा जवळच उभा होता. वाईट हेतू नव्हता त्याचा. तीस वर्षांची सवय. तो झुकला आणि हलकेच म्हणाला, “खूप म्हणा, खूप. आणि हाय नाही, आहे.”

विहीणबाई थांबल्या. कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. पुन्हा सुरुवात केली, “मला कू... कूप...” पुढच्या ओळीत कोणीतरी फिस्सकन हसलं. त्यांचा चेहरा उतरला. तो चेहरा मी ओळखत होतो. तो प्रशिक्षणाच्या वर्गातला माझा होता.

मी तोंड उघडलं. पण माझ्याआधी बायको बोलली. शाल तिच्या हातातच होती, विहीणबाईंच्या हातातला माईक तिच्या हनुवटीपासून वीतभर, आणि तो चालू होता.

“ए, गप बस की रे! माझी विहीण हाय ती, तुझ्या वर्गातली पोरगी न्हाई!”