कँटनचा पाहुणा

साठच्या दशकात कुवेत शहरातल्या मिरकाब भागात आम्ही रत्नागिरीकडचे चौघे एका खोलीत राहत होतो. सगळ्यांत वडील म्हणजे चाचा, माझे दूरचे नातेवाईक. मला कुवेतला त्यांनीच आणलं, त्यामुळे त्यांच्यापुढे तोंड उघडायची माझी हिंमत नसे.

एका ईदला मशिदीत माझ्या शेजारी एक चिनी माणूस नमाजाला उभा होता. बंदरात लागलेल्या बोटीवरचा स्वयंपाकी, कँटनचा मुसलमान. आमच्याकडच्या खलाशांबरोबर वर्षं काढल्यामुळे त्याला मुंबईची हिंदी येत होती. नमाजानंतर गळाभेट झाली आणि मी त्याला जेवायला घरी घेऊन आलो.

बिर्याणी दमावर शिजेपर्यंत तो आपल्या शहराबद्दल सांगत बसला. तिथली मशीद फार जुनी. पूर्वी म्हणे तिचा मनोरा बघून गलबतं नदीत शिरायची. जवळच बुद्धाचं देऊळ, नदीच्या बाजूला दगडी चर्च. त्याची आई मुसलमान घरातली. वडील लग्नाआधी कलमा पढून मुसलमान झाले, पण त्यांची आई शेवटपर्यंत बुद्धाचीच राहिली.

"दादी का आँख गया, तो मैं हाथ पकडके मंदिर ले जाता था. अगरबत्ती भी मैं जलाता था."

चाचांचा चेहरा उतरला.

आम्ही सगळे एकाच मोठ्या ताटात जेवायचो. त्या दिवशी चाचांनी एका वाडग्यात बिर्याणी काढली आणि पाहुण्यापुढे सरकवली.

"चाचा, ईद आहे," मी हळूच म्हणालो.

"म्हणून तर पोटभर वाढलंय."

शरमेनं माझे कान तापले. उठून मी पाहुण्याजवळ बसलो, त्याच्या वाडग्यात हात घालणार तोच त्यानं माझं मनगट धरलं.

"बडे लोग के साथ बैठो. मेरा माँ भी दादी के हाथ का नहीं खाता था. दादी उसके लिए संत्रा लाके रखता था."

तो हसला, सगळं संपवलं आणि चाचांना सलाम केला.

टॅक्सीपर्यंत सोडायला गेलो. माफी मागायची होती. तोंडातून निघालं ते इतकंच, "तिखट तो नहीं हुआ ना?"

दोन दिवसांनी दाढी करता करता चाचा म्हणाले, "तुझ्या त्या चिन्याला परत बोलाव. आपल्या ताटात बसू दे."

मी बंदरावर गेलो. बोट आदल्या दिवशीच सुटली होती. चाचांना सांगितलं, तर "बरं" म्हणाले. पुढे कितीतरी दिवस जेवताना आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो.