ब्लँक चिपवरचा बांगडा

हे मी आजवर कुणालाच बोललो नाही. आईला नाही, ज्यांच्यासोबत घोषणा दिल्या त्यांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — नाही, कारण नकोच.

मी पत्रकं लिहितो. भांडुपच्या आमच्या घरात युनियनच्या पत्रकांवरच मी वाचायला शिकलो. घाटकोपरच्या एका सोसायटीने मासे खाणाऱ्यांना घर नाकारलं, तेव्हा सगळ्यांत जहाल पत्रक माझं होतं. लोक अजून त्यातली वाक्यं मला ऐकवतात. मी ती कशी ऐकून घेतो?

तेव्हा मी अंधेरीच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करत होतो. कार्बनच्या नळ्या — केसाहून हजारो पटींनी बारीक. त्या चिपवर अंथरायच्या, वर पेप्टाइडचा, म्हणजे प्रथिनाच्या तुकड्याचा, लेप द्यायचा. त्या लेपाने नळ्यांमधला विद्युतप्रवाह बदलतो, एवढंच मला सिद्ध करायचं होतं. आणि तो बदलत होता! तीन वर्षं मी त्यावरच जगलो.

मग शेजारच्या टेबलावरच्या वैशालीने ब्लँक, म्हणजे तुलनेची चाचणी, घेतली. सगळं तेच, फक्त पेप्टाइड नाही — ते ज्यात विरघळवायचो ते नुसतं मिठाचं पाणी. प्रवाह तेवढाच बदलला.

"वाट लागली रे," ती म्हणाली. "तुझा लेप काहीच करत नाहीये. सगळं हे मिठाचं पाणी करतंय."

मला पटलं होतं का? हो, त्याच क्षणी. तरी आमच्या मार्गदर्शक सरांसमोर मी — मी म्हणालो, "सर, हिच्या डब्यात रोज बांगडा असतो. हात नीट न धुता चिप धरली असणार. माशाचं प्रथिन चिकटलं असेल."

सरांनी नाक मुरडलं. बस्स, तेवढ्यावर ब्लँक बाद.

वैशाली सरांकडे बघतच नव्हती. "अरे, तू पण खाल्लास ना त्याच डब्यातला?"

"मी साबणाने धुतले होते हात," मी म्हणालो.

ती न भांडता आपलं टेबल आवरू लागली. कुडाळकडची ती, एरवी कुणाचं ऐकून न घेणारी. महिनाभरात तिने प्रयोगशाळा सोडली. आता गोरेगावला क्लासमध्ये शिकवते, असं ऐकतो. भेटायला गेलो का? नाही.

ती गेल्यावर मी स्वतः ब्लँक घेतली. नवी चिप, नवे हातमोजे, तेच मिठाचं पाणी. प्रवाह बदलला — तेवढाच. ती चिप मी कचऱ्यात टाकली आणि लेपानेच प्रवाह बदलतो असं सांगणारा शोधनिबंध छापायला पाठवून दिला.