अशोकच्या वतीनं

“पाकिस्तानला लाव! लाव म्हणतो ना गणपत, लाव!” माणिकशेठ ओरडत होते, आणि आळेफाट्यावरच्या माझ्या एस.टी.डी. बूथसमोर नाशिकची गाडी, चार-दोन ट्रक आणि, खोटं कशाला सांगू, चौकातली कुत्रीसुद्धा जागच्या जागी थांबली होती. कारण शेठांचा चढा आवाज फाट्यानं त्याआधी कधी ऐकलाच नव्हता. त्यांच्या किराणा दुकानात हमालानं पोतं शेठांच्याच पायावर टाकलं, तरी हा माणूस हळूच विचारायचा, “तुला लागलं नाय ना रे?”

शेठ गेल्या महिन्यात गेले. झोपेत, कुणाला हाक न मारता, स्वभावाला धरूनच. लोक त्यांच्या दानधर्माच्या गोष्टी सांगतात. मला मात्र मोबाइल यायच्या आधीचा तो फोन आठवतो, आणि फोन आठवला की अशोक आठवतो… शेठांचा एकुलता एक मुलगा, शाळेत माझ्या बाकावर बसणारा, एकाहत्तरच्या लढाईत बॉम्बर विमानातून गेला तो.

घर जैन. पिढ्यांमागं राजस्थानातून आलेलं, पण बोलणं आमच्यासारखंच रांगडं. पोरगं चालायला लागलं तेव्हाच शेठांनी त्याला शिकवलं, खाली बघून चाल, पायाखाली मुंगी येईल. अशोक इतका खाली बघायचा, की फाट्यापासून पिंपरी पेंढारपर्यंतच्या मुंग्या त्याला नावानं ओळखायच्या. वाटेत वारूळ दिसलं की हनुवटीखाली हात घेऊन पालथा पडायचा. मी बोंबलायचो, “ऊठ की राव, शाळा सुटायची येळ झाली!” आणि हवाईदलानं या पोराला काम काय द्यावं? विमान चालवणारा दुसरा. यानं नकाशावरून वाट दाखवायची, आणि ठिकाण जवळ आलं की विमानाच्या नाकात पालथं पडून खाली बघायचं… आणि बटण दाबायचं.

शेवटच्या सुट्टीत तो आला तेव्हा दिवस मावळायच्या आत बापलेक जेवायला बसले होते, मीही आयता पाहुणा. शेठांनी विचारलं, “वरनं माणसं दिसत्यात का रे?” अशोकचा हात भाकरीवर थांबला. “नाय बापू. नदी दिसती, रस्ते दिसत्यात… माणसं नाय दिसत.” शेठ त्याच्या ताटात तूप वाढायला लागले आणि वाढतच राहिले. मी पुढं कितीतरी वर्षं सांगत होतो, त्या तुपात भाकरी पोहत पलीकडच्या काठाला लागली.

डिसेंबरात त्याचं विमान सीमेपलीकडच्या एका गावाजवळच्या धावपट्टीवर गेलं. बॉम्ब पडले, एवढं बरोबरच्या विमानांनी पाहिलं. विमान परतलं नाही. मूठभर राखसुद्धा आली नाही. चोवीस वर्षांचा होता…

दर भाद्रपदात संवत्सरी झाली की शेठ फाटाभर हात जोडत फिरायचे. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल, तर क्षमा करा. हमालाला, गिऱ्हाइकाला, गाडीच्या बैलाला. एका वर्षी बैलानंच त्यांना शिंग मारलं होतं, तरी हात शेठांनीच जोडले. आणि बैलानं मान डोलावली, ती मी या डोळ्यांनी पाहिली.

फोनच्या त्या वर्षी मात्र ते सगळा फाटा करून माझ्या बूथमध्ये येऊन बसले. “माझं झालं,” म्हणाले, “अशोकचं राहिलंय. त्याला मागता आली नाय, मला मागू दे. मी गेल्यावर त्याच्यासाठी कोण मागणार?” मी म्हणालो, “शेठ, तिथं तुमच्या वळखीचं कोण हाय? आन् लढाई व्हती ती. त्यांनी काय फुलं टाकली का?” तेव्हा ते ओरडले.

गावाचं नाव लिहीत नाही. तिथंही माणसं नांदत असतील. कोड शोधला, पुढचे आकडे मनाचे फिरवले. आधी नुसती खरखर. मग एका बाईनं फोन आपटला. मग एक म्हातारा आवाज आला, “हां जी?”

शेठ उभे राहिले. चपला काढल्या. “जी, हम हिंदुस्तान से बोलता हूं. आळेफाटा से. मेरा लडका बॉम्बर में था… एकहत्तर में. आपके गांव पे… उसके तरफ से माफी मांगता हूं.”

मी बिलाच्या मीटरवर रुमाल टाकला. मग तो आवाज काहीतरी बोलला, ते मला ऐकू आलं नाही. शेठ जेमतेम एक शब्द बोलले आणि त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी खाली ठेवला.

“काय म्हणाला? केलं का माफ?”

शेठ चपलेत पाय घालत होते. “इचारत व्हता, पोरगं घरी आलं का.”

“मग?”

“नाय म्हणालो.”