सेन्सर खरं सांगत होता

लग्न ठरताना सासरच्यांना माझ्याबद्दल दोन गोष्टी सांगितल्या होत्या. मुलगी सणसवाडीला कंपनीत क्वालिटीत आहे, आणि तिला गाड्यांचा नाद आहे. पहिली गोष्ट सगळ्यांना लगेच कळली. दुसरी कळायला माझी गाडी राहू गावातल्या आमच्या अंगणात येऊन उभी राहावी लागली.

माझं माहेर शिरूरचं. वडिलांचा टेम्पो होता, त्यामुळे पाने-पक्कड हातात घेऊनच मी मोठी झाले. गाडी घेतली ती जुनी, इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो असलेली, पेट्रोलवरची, दिसायला अगदी साधी. पण मी तिला मोठा एअर फिल्टर बसवला, टर्बोतून तापून निघणारी हवा थंड करणारा मोठा इंटरकूलर बंपरच्या मागं लावला आणि पुण्यात एकाकडून इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंगही बदलून घेतली. मग ती अशी पळायला लागली, की नवरा शेजारी बसला की दाराच्या वरचं हँडल सोडत नसे.

आणि नेमकं त्याच सुमारास डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागायला सुरुवात झाली.

बिघाडाचा कोड दरवेळी एकच: हवा मोजणाऱ्या सेन्सरचा. इंजिनात किती हवा जाते ते हा सेन्सर मोजतो आणि त्या हिशेबानं पेट्रोल सोडलं जातं. त्याच्या मापात गडबड झाली की गाडी मधेच दम टाकते, मागून काळा धूर सोडते. मी सेन्सर काढून स्प्रेनं धुतला. दिवा गेला, परत आला. नवा सेन्सर टाकला. दिवा गेला, परत आला. ज्यानं सेटिंग बदलली होती तो म्हणाला, "मॅडम, माझ्या कामात काही नाही, सेन्सरच बघा." तोपर्यंत त्या सेन्सरशी माझी इतकी ओळख झाली होती, की डोळे मिटून तो काढता-घालता आला असता.

माझे सासरे, म्हणजे आबा, हे सगळं ओट्यावर बसून बघत असत. आबांची झेंडूची आणि भाजीपाल्याची शेती. गावच्या सोसायटीच्या राजकारणात हयात गेलेली. आमच्यात फारसं बोलणं नव्हतं. भांडण नव्हतं, पण बोलायला विषयही नव्हता. जेवलीस का, कंपनीत बरं चाललंय का, एवढंच.

एका रविवारी मी बॉनेट उघडून उभी होते, तेव्हा ते खाली उतरून आले.

"उंदीर," आबा म्हणाले.

"काय?"

"वायर कुरतडली आसंल उंदरानं. आपल्या ट्रॅक्टरची दोनदा कुरतडली."

बोलणं पटण्यासारखं होतं. मी मीटर लावून एकेक वायर तपासली. आबा बाजूला उभे राहून टॉर्च धरत होते. सगळ्या वायरी धडधाकट निघाल्या.

"मंग उंदीर न्हाई," असं म्हणून त्यांनी उंदराचं प्रकरण स्वतःच मिटवलं आणि विचारलं, "आता?"

आता गाडी चढावर पळवून बघायची होती, कारण दिवा लागायचा तो चढावर किंवा ओव्हरटेक करताना. माझ्याकडे गाडीच्या सॉकेटला लावायचा छोटा रीडर होता. त्यानं इंजिनातले आकडे मोबाइलवर दिसायचे. पण गाडी चालवायची की आकडे बघायचे? नवरा झेंडूचे क्रेट घेऊन मार्केटला गेलेला.

"मी वाचतो की," आबा म्हणाले. "सोसायटीच्या मतमोजणीला किती वर्सं बसलोय मी!"

यवतवरून आम्ही भुलेश्वरच्या घाटाला लागलो. आबांनी चष्मा नाकावर ओढला, मोबाइल दोन्ही हातांनी धरला आणि खणखणीत आवाजात मोजणी सुरू केली.

"हवा चाळीस! दाब थोडा! हवा साठ! दाब तेवढाच! हवा नव्वद! आगं, हवा सुटलीय पुढं, आन् दाब जागचा हालंना! पडतंय त्याचं डिपॉझिट!"

मला हसू आवरेना. गाडी बाजूला घेतली आणि त्याच हसण्यात एकदम लक्षात आलं. सेन्सर म्हणत होता हवा भरपूर आत येतेय, आणि इंजिनाजवळचा दाब मोजणारा दुसरा सेन्सर म्हणत होता पुरेशी पोचत नाही. दोघंही खरं बोलत असतील तर?

"आबा, सेन्सर बरोबर आहे. हवा मोजून आत येतेय, पण वाटेत कुठंतरी बाहेर पडतेय."

"म्हंजी गळती!"

"गळती."

"मंग ती धुंडायला काय लागतंय? पंक्चर काढतात तसंच की."

घरी येऊन आम्ही ठिबकच्या सामानातलं पाइपाचं एक टोपण शोधलं. मी त्याला भोक पाडून टायरचा व्हॉल्व बसवला आणि ते टर्बोच्या तोंडाला घट्ट आवळलं. आबांनी फवारणीच्या पंपात साबणाचं पाणी केलं. पायानं मारायच्या पंपानं हवा भरून सगळ्या जोडांवर फवारा मारला. एकही बुडबुडा आला नाही.

परत भरली, परत फवारलं. कोरडं ठाक. मी पायरीवर मटकन बसले. इतके दिवस सेन्सरला बोल लावला आणि आता गळतीही सापडत नव्हती. सासूबाई चहा घेऊन आल्या, गाडीकडं बघून म्हणाल्या, "आंघोळ तरी झाली हिची."

चहा पिता पिता मी विचार करत राहिले. इथं इंजिन बंद होतं, जागेवर शांत बसलेलं. घाटात जोर लागला की ते एका बाजूला झुकतं.

"आबा, तुम्ही फवारा मारत राहा. मी इंजिन हलवून बघते."

मी परत हवा भरली आणि लाकडी दांडकं घालून इंजिन मागं रेटलं. आबा बंपरपाशी खाली वाकले होते. फस्सकन आवाज आला आणि इंटरकूलरच्या खालच्या रबरी पाइपामागून साबणाचा फेस असा उडाला, की आबांचा शर्ट, चष्मा, मिशा सगळं पांढरं झालं.

"घावलं!" आबा फेसातून ओरडले. "घावलं गं पोरी!"

मी लावलेला तो रबरी पाइप खालून एका लोखंडी पट्टीला घासत होता. घासून घासून त्याला चीर पडली होती. इंजिन सरळ असलं की ती चीर मिटलेली असायची, झुकलं की तोंड उघडायची. वरून, खालून, आरशातून, मी तो पाइप कितीदा पाहिला होता. मिटलेली चीर दिसणार कशी? सासूबाईंनी आबांकडं एकदा पाहिलं आणि त्या टॉवेल आणायला गेल्या.

पुढच्या रविवारपर्यंत मी जाड रबराचा नवा पाइप बसवला आणि ती पट्टी वाकवून लांब केली. तपासायला पुन्हा घाट. या वेळी सासूबाई मागं बसल्या. देवदर्शन होईल म्हणाल्या. आबा पुढं, मोबाइल घेऊन.

"हवा साठ, दाब मागोमाग! हवा नव्वद, दाब बरोबरीला! हवा शंभरच्या वर, आन् दाब..." ते थांबले, कारण गाडीनं अशी झेप घेतली की त्यांची पाठ सीटला चिकटली.

मी घाबरून पाय काढला. "आबा, बरे आहात ना?"

"पाय कशापायी काढला? दाब की आजून जरा!"

"आवं, वयाचं भान ठेवा!" मागून सासूबाई.

"तू देवाचं नाव घे," आबा म्हणाले.

दिवा लागला नाही. वर देवळापाशी गाडी लावली, तर आबांनी आधी बॉनेट उघडायला लावलं. दर्शनाला आलेले दोघे-तिघे जवळ येऊन उभे राहिले. आबा कमरेवर हात ठेवून त्यांना सांगायला लागले, "त्याचं काय हाय, टर्बो म्हंजी..." आणि पुढं अडकून माझ्याकडं वळले. "सांग गं, ह्यांना नीट सांग."

मी सांगू लागले. सासूबाई नारळ घेऊन देवळाच्या पायऱ्या चढू लागल्या होत्या.