अण्णांच्या डोक्याची मोजणी

अण्णांना जाऊन पंधरा दिवस झाले होते. तेराव्याला आणलेली भांडी अजून परत गेली नव्हती, आणि सकाळी फोन आला. "काका, नसरीन बोलतेय. मंगळवारी अण्णा घरी आहेत ना?" मी तोंडाचा साबण पुसत म्हणालो, "आहेत की. जातात कुठं? या." फोन ठेवला, बेसिनवरच्या आरशात बघितलं, तर मागच्या भिंतीवर हार घातलेले अण्णा माझ्याकडं बघत होते... परत फोन करायचं धाडस झालं नाही. सुनंदाला तर सांगितलंच नाही. ती त्यांची एकुलती एक लेक, आणि माझी बायको.

माझे सासरे सारी नोकरी जमीन मोजणी खात्यात होते. कन्नड तालुक्यातला एकही बांध असा नसेल, ज्यावर त्यांनी संशय घेतला नाही. मुळात मोजलेलं सोडून दुसरं काही खरं मानायचंच नाही, हा त्यांचा स्वभाव. पिशोरला मी मुलगी बघायला गेलो, तेव्हा उंची विचारली. मी साडेपाच फूट म्हणालो. त्यांनी मला भिंतीला उभं करून टेप लावला. पाऊण इंच कमी भरलो. लग्न झालं, पण ते पाऊण इंच अण्णांनी शेवटपर्यंत माफ केलं नाही.

सासूबाई गेल्यावर ते सिडकोत आमच्याकडं आले. त्याच सुमारास काही डॉक्टर म्हाताऱ्यांच्या स्मरणशक्तीवर संशोधन करत होते. हृदय नीट चाललं नाही तर मेंदूवर आणि आठवणींवर काय परिणाम होतो, असा काहीसा त्यांचा विषय. अण्णांचं नाव मीच दिलं. दर सहा महिन्यांनी नसरीन मॅडम पिशवी घेऊन यायच्या. छातीला वायरी लावायच्या, घड्याळाचं चित्र काढायला लावायच्या, पाच शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारायच्या.

"छातीला वायर लावून डोक्यातलं कसं कळतं?" अण्णांनी पहिल्याच दिवशी विचारलं. "आन् माझ्या डोक्याची मोजणी व्हय ही? मग लगतधारकाला बोलवा."

लगतधारक म्हणजे शेजारच्या शेताचा मालक. मोजणीच्या वेळी तो बांधावर हजर लागतो, नाहीतर उद्या तो हद्द मानत नाही. अण्णांच्या खोलीला लागून माझी खोली, तेव्हा लगतधारक मी! मी शेजारी बसायचो. अण्णा ऊस, खिडकी, तांब्या, पोपट, रस्ता असे पाचही शब्द धडाधडा सांगायचे आणि वर मला विचारायचे, "तुम्हाला किती आठवले, जावईबापू?" मला तीन.

अडचण पुढं होती. त्या संशोधनाची एक रीत होती. घरच्या माणसाला दुसऱ्या खोलीत नेऊन, दार लावून विचारायचं, हे पूर्वीपेक्षा जास्त विसरतात का? मी बाहेर आलो की अण्णा दारातच. "काय सांगितलं?"

"सगळं ठीक आहे म्हणालो."

"माझ्या माघारी काढलेली हद्द मी मानत नाय."

पहिली दोन वर्षं मी खरंच 'ठीक आहे' म्हणालो होतो. मग एका सकाळी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला निघालेले अण्णा दौलताबादच्या एसटीत बसले. तिथं उतरून मोजणीची माणसं अजून कशी आली नाहीत म्हणून स्टँडवर थांबून राहिले. तिथल्या एका चहावाल्यानं त्यांच्या खिशातल्या, माझा नंबर लिहिलेल्या चिठ्ठीवरून मला फोन केला. परत येताना अण्णा एवढंच म्हणाले, "हे त्या बाईला सांगू नका. घरात कोंडतील मला."

मी सांगितलं. बंद खोलीत, दबक्या आवाजात, चोरासारखं. त्यानंतर डॉक्टरांनी त्यांना एकट्यानं बाहेर सोडू नका असं कळवलं, आणि अण्णांच्या रोजच्या पायी फेरीला माझी सोबत लागली. "तुम्ही सांगितलं का?" ते रोज विचारायचे. मी रोज "नाही" म्हणायचो. दुपारी जेवलो की नाही ते त्यांना आठवायचं नाही, हा प्रश्न मात्र कधी चुकला नाही.

तेव्हापासून त्यांनी एक छोटी वही काढली. चालता चालता थांबायचे, माझ्याकडं तिरकं बघायचे आणि पेन्सिलीनं काहीतरी टिपायचे. तेही उर्दूत! पोलीस ॲक्शनच्या साली ते चौथीत होते, तोवरची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेली. मला ओ का ठो कळू नये, हा उघड हेतू. मला वाटायचं, ते पाच शब्द लिहून ठेवतात आणि मॅडमना फसवतात. त्यांचा माझ्यावर संशय, माझा त्यांच्यावर, आणि दोघांची रोजची फेरी शेजारी शेजारी...

एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचं हृदय थांबलं. त्या दिवशी सकाळीही त्यांनी विचारलं होतं. मी "नाही" म्हणालो होतो.

मंगळवारी नसरीन मॅडम आल्या. फोटो बघून पिशवी हातातच राहिली. "पण काका तर म्हणाले, आहेत..." सुनंदानं माझ्याकडं बघितलं. मी पाणी आणायला गेलो. चहा झाल्यावर धीर करून मी ती वही पुढं केली. म्हटलं, चोरी असेल तर तुमच्या कागदात नोंद करा. मॅडमनी पानं उलटली. आधी हसल्या.

"यात शब्द नाहीत, काका. तुम्ही आहात. 'जावई चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधत होते.' 'जावयानं स्कूटर मंडईत ठेवली, घरी रिक्षानं आले.' 'जावई आपल्याच गल्लीचं वळण चुकले, मी दाखवलं.'" मग त्या एका पानाशी थांबल्या आणि हळू आवाजात वाचू लागल्या. "'दौलताबादचं जावयानं सांगितलं. बाईच्या तोंडावरून कळलं. मी लगतधारक असतो तर मीही सांगितलं असतं. हद्द बरोबर आहे. पण विचारत राहणार. जावयाला धाक पाहिजे.'"

मॅडमनी वही मिटून माझ्या हातात दिली आणि पिशवी उचलून निघाल्या.

दार लावून सुनंदा आत आली. अण्णांच्या खुर्चीत बसली, माझ्या हातातली वही घेतली, कोरं पान काढलं, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "परवाचा फोन राहिलाय यात. पेन्सिल द्या इकडं."