भिंतभर झालेला तिचा चेहरा

मंडळी, घाईघाईत लिहितेय.

आपल्यावर सतत कॅमेऱ्यांची नजर असते, त्यावर मी एक कलाकृती केलीय. सेन्सरसमोर जितका वेळ थांबाल, तितका तुमचा चेहरा भिंतीवर मोठा होत जातो आणि नंतरही तसाच राहतो. आज गुडगावच्या प्रदर्शनात एक बाई भिंतीकडे पाठ करून बराच वेळ थांबली. तिचा चेहरा भिंतभर झाला. लोक हसत व्हिडिओ काढायला लागले.

मला फोनवर मराठी बोलताना ऐकून ती धावत आली. "ताई, बंद करा ना! मी इथे लपलेय. नवऱ्याला कळलं तर मारून टाकेल."

मी प्लगच उपटला. तोवर ती निघून गेली होती. नावही विचारलं नाही मी.

खूप भीती वाटतेय यार. तो व्हिडिओ कुणाकडे असेल तर प्लीज, आत्ता डिलीट कराल?