मालकीण म्हणजे मी नव्हे

माझा नवरा खासदार आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक त्याची ओळख वेगळीच देतात. "अरे, तो मालकिणीवाला," असं म्हणतात आणि मग माझ्याकडे बघून दात काढतात. एकदा अमरावतीच्या भाजीबाजारात एका बाईनं माझा हात धरून विचारलं, चहात साखरेऐवजी मीठ टाकणारी ती तुम्हीच काय? मी म्हटलं, मीच, अन् आता तुमच्याच घरी येऊन राहिली चहा करायले. बिचारी हात सोडून चालती झाली. माझ्या नाकावर राग आहे हे मला मान्य आहे. तो मी माहेराहून आणला, अकोल्याच्या जुन्या शहरातून, आणि लग्नात आणलेल्या भांड्यांपैकी आता एकही धड नाही पण राग अजून तसाच आहे.

राजकारणात यायच्या आधी आमचे हे बावीस वर्षं लोकांना हसवत होते. जयंतीच्या कार्यक्रमांत गाणारी मंडळी दमली, पाणी प्यायला उठली, की मधल्या दहा मिनिटांत यांनी माइक धरायचा. पुढे पुढे लोक त्या दहा मिनिटांसाठीच येऊ लागले. एकाच रस्त्याचं तीनदा भूमिपूजन करणारा पुढारी, लाइट गेलेली असताना विजेच्या विकासावर बोलणारा पुढारी, असे कितीतरी पुढारी त्यांनी उभे केले. गंमत अशी की ज्यांच्यावरून हे सगळं बेतलं ते पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसून सगळ्यात मोठ्यानं हसायचे. प्रत्येकाला वाटायचं, हे बाजूच्यावर आहे.

पण मंडप डोक्यावर घ्यायचे लोक ते मालकिणीला. मालकीण म्हणजे यांची स्टेजवरची बायको. भांडखोर, विसरभोळी, एसटीत बसली की झोपणारी, बडनेऱ्याला उतरायचं तर थेट मूर्तिजापूरला जागी होऊन कंडक्टरलाच दम देणारी. आता खरं काय ते ऐका. मूर्तिजापूरला जागे झाले होते ते हे. चहात मीठ टाकलं होतं यांनी. पहिल्यांदा त्यांनी तो किस्सा स्वतःच्या नावावरच सांगितला होता, तर लोक नुसते बघत राहिले. घरी आल्यावर मीच म्हणाले की तुमच्या जागी बायको टाका, मग पाहा. पुढच्या कार्यक्रमात लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले होते.

तेव्हापासून लिहिणारी मी. मी मराठीत एम. ए. केलं आहे आणि घरी ब्लाउज शिवायचे क्लास घेते. माझं मशीन चालू असताना हे दारात उभे राहून नवा किस्सा म्हणून दाखवायचे. माझा पाय पायडलवर थांबला तर विनोद पास, मशीन चालूच राहिलं तर नापास. नापास झालेला मग मीच दुरुस्त करून द्यायची, मापात नसलेली बाही उसवून पुन्हा लावावी तसा. हळूहळू सगळेच किस्से माझ्या वहीतून जाऊ लागले. हे आमच्या दोघांशिवाय कोणाला माहीत नव्हतं. घरची म्हणते देवा देवा अन् बाहेरचीला चोळी शिवा, ही म्हण आमच्या घरात उलटी लागू होत होती, कारण मी माझ्याच मापात न बसणारं कापड माझ्याच हातानं शिवत होते आणि सगळ्या वऱ्हाडासमोर ते माझ्याच अंगावर चढवलं जात होतं.

मग एका पक्षाची माणसं घरी आली. लोकसभेचं तिकीट देतो म्हणाली. लोकांना हसवणारा माणूस लोकांना माहीत असतो, नव्यानं ओळख करून द्यावी लागत नाही, असा त्यांचा हिशोब. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बावीस वर्षं त्यांना नावं ठेवली, आता एकदा स्वतः करून दाखवा, नाहीतर उचलली जीभ लावली टाळ्याला यात काही मोठेपणा नाही. माझी एकच अट होती. पहिल्याच सभेत लोकांना सांगायचं की ती मालकीण म्हणजे ही नव्हे, आणि ते किस्से हिनं लिहिलेत. हे म्हणाले, निवडणूक होऊन जाऊ दे, मग सांगतो. आत्ताच सांगितलं तर लोक म्हणतील याला स्वतःचं काहीच येत नाही. मला ते पटलं नाही, पण मी गप्प राहिले. मी गप्प राहिले म्हणजे घरात काय वातावरण असतं ते यांना विचारा.

प्रचार सुरू झाला आणि एक भलतीच अडचण उभी राहिली. आमच्याकडे जयंतीच्या कार्यक्रमात फर्माईशीची चिठ्ठी पाठवायची रीत आहे. मागच्या रांगेतून हातोहात चिठ्ठी पुढं येते, अमुक गाणं होऊ द्या, आणि माइकवाला ती जशीच्या तशी वाचून दाखवतो. लोकांनी सभेतही तेच चालू केलं. हे पाण्यावर बोलत असायचे, दवाखान्यात डॉक्टर का टिकत नाही यावर बोलत असायचे, आणि खालून चिठ्ठी यायची, मालकीण होऊ द्या. दोन-चार सभांत यांनी करून दाखवली. टाळ्या मालकिणीला, पाणी आणि दवाखाना तसेच राहिले.

त्यातच समोरच्या उमेदवारानं एका भाषणात यांना जोकर म्हटलं. हे घरी आले ते लाल होऊनच. जेवले नाहीत. मी दिल्लीत जाऊन बोलायला निघालो आणि हा मला नाकावर लाल गोळा लावून बसवतो, असं बरंच बोलत राहिले. मी ताट तसंच ठेवलं आणि म्हणाले, "तुमाले एकच दिवस झाला. मले बावीस वर्सं झाले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण पुढं काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. इतकी वर्षं ज्याला समजलं नाही त्याला ताटावर बसून समजावून सांगण्यात काय अर्थ आहे, असं मला वाटलं होतं.

नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यांपाशी आमची सभा होती. दुपारची पाळी सुटायची वेळ. सभा कसली, एका टेम्पोचा मागचा फळका पाडला होता आणि त्यावर हे माइक घेऊन उभे होते. मी टेम्पोच्या बाजूला खाली उभी. पाळीवरून बाया बाहेर येत होत्या, डोक्याला रुमाल, रुमालावर कापसाचा भुगा, हातात रिकामे डबे. घरी जायची घाई असूनही पुष्कळ जणी थांबल्या. हे चांगलं बोलत होते त्या दिवशी. बाळंतपणाची सुट्टी मागितली तर कामावरून काढतात, यावर बोलत होते, आणि बाया ऐकत होत्या. कोणी हसत नव्हतं.

तेवढ्यात चिठ्ठी आली. बावीस वर्षांची सवय. यांनी ती आधी मनात न वाचताच, कार्यक्रमात वाचायचे त्या खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "दादा, तुमी मालकिणीले नेहमी स्टेजवर आणता." इथं बाया हसल्या. हेही हसले आणि पुढं वाचून गेले. "ते बाई टेम्पोच्या बाजूले उभी हाये. तिलेच इचारा ना एक डाव, तिले कसं वाटे."

वाचून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय वाचलं. सगळ्या बायांनी माना वळवून माझ्याकडे पाहिलं. चिठ्ठी कोणी लिहिली ते समजलं नाही आणि मी शोधलंही नाही. मी ज्या प्रश्नाची इतकी वर्षं वाट पाहिली तो शेवटी कोणीतरी विचारला होता, आणि विचारणारा माझा नवरा नव्हता, घरी जाऊन स्वयंपाक करायची घाई असलेली एक अनोळखी बाई होती.

मला खोटं बोलता आलं असतं. हसून म्हणायचं, अहो घरचीच गंमत आहे, मला काही वाटत नाही. तेवढ्यानं त्या सगळ्या बायांची मतं पदरात पडली असती. यांनी माइक खाली वाकून माझ्या हातात दिला.

मी म्हणाले, "वाईट वाटे. लय वाईट वाटे."

यांना माइकची गरजच उरली नव्हती, इतकं शांत झालं होतं. ते वरूनच म्हणाले, "मले मालूम नव्हतं."

"तुमी इचारलं नाही," मी म्हटलं, आणि ते माइकवरूनच गेलं, पार गेटावरच्या चौकीदारापर्यंत.

टाळ्या वगैरे काही वाजल्या नाहीत. बाया आपापल्या रिक्षांकडे गेल्या. एक म्हातारीशी बाई जाता जाता माझ्या दंडाला हात लावून गेली. पक्षाची माणसं आमच्याकडे न बघता वायरी गुंडाळत होती. त्यांचे चेहरे सांगत होते की या गेटावरची मतं तर गेली हातची.

पुढची सभा अचलपूरला होती. गाडीत पुढं पक्षाचे दोघं बसले होते, मागं आम्ही दोघं. अमरावती ओलांडली, वलगाव मागं पडलं, तरी हे खिडकीबाहेरच बघत होते. मग एकदम हळू आवाजात त्यांनी विचारलं, "सगळ्यात जास्त कोणता लागला?"

मी म्हटलं, कोटाचा.

कोटाचा किस्सा असा होता. मालकिणीचा बाप ऐन मे महिन्यात लग्नाच्या मांडवात लोकरीचा कोट घालून येतो. घामानं निथळतो. जावई विचारतो, मामा, काढून टाका ना. तर मामा म्हणतो, काढला त् ज्याचा हाये तो घेऊन जाईन, समोरच बसला हाये. या किस्स्यावर कधीही, कुठंही, लोक हसले नाहीत असं झालं नाही.

माझे बाबा अकोल्यात कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. माझ्या लग्नात, विहारात, त्यांनी शेजाऱ्याचा कोट घातला होता. मुलाकडची माणसं अमरावतीची, नोकरदार, त्यांच्यापुढं आपण उणे दिसू नये म्हणून. अकोल्याचा मे. पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते तरी माणसानं शेवटचा पाहुणा जाईपर्यंत एक बटण उघडलं नाही.

पुढं यांचा कार्यक्रम जुन्या शहरात झाला तेव्हा बाबा पहिल्या रांगेत बसले होते. कोटाच्या किस्स्याला ते सगळ्यांबरोबर हसले. मी मागून पाहत होते. घरी आल्यावर चपला काढता काढता त्यांनी मला विचारलं, "बाई, कोट दुसऱ्याचा हाये असं दिसे काय वं?"

मी म्हटलं, नाही बाबा, तुमचाच वाटत होता. त्यानंतर ते कधी यांच्या कार्यक्रमाला आले नाहीत. जावई घरी आला की पाणी विचारत, तब्येत विचारत, आणि उठून बाहेर जाऊन बसत. यांना वाटायचं म्हाताऱ्याचा स्वभाव आहे. बाबा तसेच गेले.

हे सगळं मी गाडीत सांगितलं. पुढच्या दोघांनी ऐकलं असेल तर ऐकू दे म्हटलं. यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग सावकाश म्हणाले, "पण तो तर तूच लिवून देल्ला होता."

"हो," मी म्हटलं. "मीच."

आपलेच दात अन् आपलेच ओठ. तो किस्सा मी लिहिला हे बाबांना मी कधी सांगितलं नाही. सांगायला किती वेळा तोंड उघडलं असेल, पण प्रत्येक वेळी वाटायचं, जावयावर राग धरून का होईना, त्यांची लेक तर त्यांची राहू दे. यांनी तो राग बाबा जाईपर्यंत सोसला आणि कशाचा सोसतो आहोत हेही त्यांना माहीत नव्हतं. मी त्यांना त्या गाडीत तेही सांगितलं. मला रडू आलं, आणि मला रडायला आवडत नाही, म्हणून मी चिडून खिडकीची काच खाली केली. धूळ आत आली.

अचलपूरला मंडप भरला होता. यांनी माझा हात धरून मला वर नेलं. असं याआधी कधी केलं नव्हतं. अजून नीट उभेही राहिलो नव्हतो तर दोन-तीन चिठ्ठ्या आल्या, सगळ्या मालकिणीच्याच. या वेळी त्यांनी त्या मनात वाचल्या, घडी करून खिशात ठेवल्या आणि सांगितलं की मालकीण आजपासून बंद. ती बाई कधीच नव्हती. मीठ टाकणारा मी, झोपणारा मी. आणि तुम्ही आजवर ज्या ज्या किस्स्यावर हसलात तो हिनं लिहिला, मी फक्त तोंड हलवलं.

मंडपात कुजबुज झाली. बावीस वर्षं मला जे ऐकायचं होतं ते मी सगळ्यांच्या देखत ऐकत होते, आणि मला समोर बघवत नव्हतं, कारण आता कोटाचाही त्यात आला होता. बाबांची माणसं, माझे चुलतभाऊ, त्याच मंडपात बसले होते.

यांनी माइक पुन्हा तोंडाशी नेला.

"एक सोडून," ते म्हणाले. "सासऱ्याच्या कोटाचा. तो माहा होता. हिनं नको म्हटलं होतं, मी आयकलं नाही."

आणि ते लगेच दवाखान्यावर बोलायला लागले. लोकांनी ऐकलं, शेवटपर्यंत ऐकलं. त्या अख्ख्या निवडणुकीत माझा नवरा लोकांशी तेवढं एकच खोटं बोलला.